कादिझ : मुक्काम कोठे करावा, काय पाहावे



प्रवासाला निघालेला मनुष्य दोन प्रश्न आधी विचारतो. उतरायचे कोठे, आणि पाहायचे काय? प्रश्न साधे आहेत आणि वाटाड्याच्या चोपडीत त्यांची उत्तरेही साधीच असतात. अमुक हॉटेल, अमुक देऊळ, अमुक किल्ला. आज आम्ही स्पेन देशाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील कादिझ या एकाच गावापुरती या दोन प्रश्नांची उत्तरे देणार आहोत. आमचे ज्ञान पुस्तकांतून व नकाशांतून मिळवलेले आहे, हे प्रारंभीच सांगून टाकलेले बरे. युनियनच्या कचेरीत सभा संपल्यावर दिवा मालवण्यापूर्वी जे वाचन होते, त्यातले हे. परंतु ज्याने उभे आयुष्य कामगारांच्या सभांतून घालवले, त्याला गाव पाहताना भिंतीपेक्षा ती भिंत कोणी बांधली आणि तीत कोण राहिले याचीच चौकशी करावीशी वाटते. ती खोड आम्ही टाकू शकत नाही.

नकाशा समोर धरा. मुख्य भूमीपासून निघालेला वाळूचा एक अरुंद पट्टा समुद्रात शिरला आहे आणि त्याच्या टोकाला मुठीएवढे जुने गाव आहे. तीन बाजूंना अटलांटिक महासागर. चौथ्या बाजूला जी तटबंदी व वेस आहे, तिला तेथले लोक ‘जमिनीचा दरवाजा’ म्हणतात. बाकीच्या सर्व बाजू समुद्राच्याच, तेव्हा जमिनीकडून यायला दरवाजा एकच. वेशीच्या आत जुने गाव, बाहेर नवे. फिनिशियन लोकांनी हे गाव वसवले व त्याला गादिर, म्हणजे कोट, असे नाव दिले. जुने रोमन लेखक त्याचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे 1100 असा सांगतात; उत्खननात सापडलेल्या वस्तू मात्र इसवी सनापूर्वी नवव्या शतकाच्या आसपासच्या आहेत. दोन्हींतला कोणताही आकडा धरला तरी पश्चिम युरोपातील अखंड वस्तीच्या अत्यंत जुन्या गावांत त्याची गणना होते.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, मुक्काम वेशीच्या आत करावा. समुद्रकाठच्या बागेशेजारी सरकारी हॉटेल आहे. स्पेनच्या सरकारने प्रवाशांसाठी स्वतःची विश्रांतिगृहे काढण्यास 1928 मध्ये आरंभ केला, आणि कादिझचे ‘अटलांटिको’ 1929 मध्ये उघडले. हल्लीची इमारत 2012 ची. खोलीतून समुद्र दिसतो, भाडे अर्थातच त्या मानाने. ज्यांची तेवढी ऐपत नाही त्यांनी पोपुलो, सांता मारिया किंवा ला विन्या या जुन्या मोहल्ल्यांतील साध्या खानावळींत व लहान लॉजात उतरावे. गल्ल्या अरुंद आहेत. त्यामुळे उन्हाळ्यात सावली मिळते, आणि पूर्वेकडून ‘लेवान्ते’ नावाचा जो कोरडा, डोके उठवणारा वारा सुटतो त्याचाही जोर थोडा मोडतो. गल्लीच्या कोपऱ्यांवर जुन्या तोफांच्या नळ्या उभ्या पुरलेल्या दिसतील. गाड्यांच्या चाकांनी घरांचे कोपरे झिजू नयेत म्हणून ही योजना. निकामी तोफेचा याहून चांगला उपयोग आम्हाला ठाऊक नाही!

घरांकडे जरा नीट पाहावे. भिंतीचा दगड खडबडीत असतो आणि त्यात शिंपल्यांचे तुकडे रुतलेले असतात. हा दगड किनाऱ्यावरचाच. 1717 मध्ये अमेरिकेबरोबरच्या व्यापाराची सरकारी कचेरी सेव्हिलहून येथे हलवण्यात आली, आणि पुढील साठ-सत्तर वर्षे अमेरिकेचे रुपे, कोको, नीळ, कोचिनीलचा किरमिजी रंग, सारे या बंदरात उतरू लागले. व्यापाऱ्यांनी त्या पैशातून जी घरे बांधली त्यांची रचना ठरीव होती. तळाशी वखार, त्यावर ठेंगण्या मजल्यात कचेरी व कारकून, त्यावर मालकाचे कुटुंब, आणि सर्वांत वर नोकरचाकर. गच्चीवर एक मनोरा, तेथून दुर्बिणीने आपले जहाज येताना पाहायचे. असे सव्वाशेच्या वर मनोरे आजही उभे आहेत. त्यांतला ताविरा नावाचा मनोरा 1778 मध्ये बंदराचा अधिकृत टेहळणी मनोरा ठरला, आणि पहिला पहारेकरी आंतोनियो ताविरा याचेच नाव त्याला राहिले. मालकाऐवजी पहारेकऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी इमारत जगात विरळाच. 1994 पासून तेथे अंधाऱ्या खोलीत आरसा व भिंग यांच्या साहाय्याने साऱ्या गावाचे हलते चित्र पांढऱ्या तबकडीवर दाखवतात. वाळत घातलेले कपडेसुद्धा हलताना दिसतात म्हणे.

सर्वांत वरच्या मजल्यावरचे ते नोकर श्रोत्यांनी लक्षात ठेवावेत. पुढे त्यांच्याशी आम्हाला काम आहे.

आता पाहण्याच्या गोष्टी. कादिझमध्ये एकच जागा पाहायला वेळ असेल तर सान फेलिपे नेरी हे प्रार्थनामंदिर पाहावे. बाहेरून ते फार डोळ्यांत भरत नाही. आत लंबवर्तुळाकार सभागृह आहे, वर घुमट आहे, वेदीवर मुरिलोचे चित्र आहे. परंतु ही जागा प्रसिद्ध आहे ती चित्रासाठी नव्हे. 1808 मध्ये नेपोलियनने स्पेनचा राजा आपल्या ताब्यात ठेवून स्वतःच्या भावाला गादीवर बसवले. देश पेटून उठला. फ्रेंच फौजा दक्षिणेकडे सरकत सरकत 5 फेब्रुवारी 1810 ला कादिझपुढे येऊन ठेपल्या आणि तेथेच थांबल्या. तो अरुंद वाळूचा पट्टा, मध्ये दलदल, आणि समुद्राकडून इंग्रजी आरमाराच्या पहाऱ्यात येणारे धान्य. वेढा 24 ऑगस्ट 1812 पर्यंत चालला, गाव पडले नाही. खाडीपलीकडून फ्रेंचांनी मुद्दाम ओतवलेल्या लांब पल्ल्याच्या तोफा डागल्या, त्यांतले बरेच गोळे न फुटताच पडत. त्यांतले शिसे काढून गावच्या बायका केसांना कुरळे पाडण्याच्या चिमट्या करतात, असे गाणे लोकांनी रचले. अशाच तोफांपैकी एक पुढे लंडनला भेट म्हणून गेली व तेथे लष्करी कवायतीच्या मैदानावर राक्षसी सर्पाच्या पाठीवर बसवलेली अजून पाहायला मिळते.

अशा वेढ्यात, जवळपास सारा देश परक्यांच्या हाती असताना, राष्ट्राची प्रतिनिधिसभा भरली. 24 सप्टेंबर 1810 ला ती प्रथम शेजारच्या इस्ला दे लेओन या गावी बसली आणि 24 फेब्रुवारी 1811 पासून या प्रार्थनामंदिरात. गावात पीतज्वराची साथ, आणि खाडीपलीकडे शत्रू. येथे स्पेनचेच नव्हे, तर मेक्सिको, पेरू, पोर्तोरिको, फिलिपाइन्स येथले प्रतिनिधीही होते. पेरूच्या इंका राजघराण्यातला दियोनिसिओ इंका युपांकी याने त्या सभेत बजावले की, जी जनता दुसऱ्या जनतेला दडपते ती स्वतः स्वतंत्र असू शकत नाही. हे तो 1810 मध्ये बोलत होता. त्यानंतर कितीतरी वर्षांनी असाच विचार मार्क्स व एंगेल्स यांच्या लेखणीतून कामगार चळवळीत आला, आणि आम्ही तो तेथून शिकलो. मार्क्सने स्वतः 1854 मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात स्पेनच्या क्रांतीवर लेखमाला लिहिली होती आणि तीत या घटनेची बारकाईने तपासणी केली होती.

19 मार्च 1812 ला घटना जाहीर झाली. तो संत जोसेफचा दिवस. जोसेफचे घरगुती नाव पेपे, म्हणून लोकांनी घटनेला ‘ला पेपा’ असे लाडके नाव ठेवले. सार्वभौमत्व राष्ट्राचे आहे, राजाचे नाही, कायदा सभा करील, मुद्रणस्वातंत्र्य राहील, आरोपीचा छळ करता येणार नाही, प्रत्येक खेड्यात मुलांना लिहिणे, वाचणे, हिशोब शिकवणारी शाळा निघेल. ‘लिबरल’ हा शब्द एका राजकीय पक्षाचे नाव म्हणून जगात रूढ झाला तो याच गावातून.

ही घटना दूरवर वाचली गेली. तिची 1820 च्या सुमारास निघालेली एक आवृत्ती राजा राममोहन रॉय यांना अर्पण केलेली होती. त्याच वर्षी पोर्तुगालात क्रांती झाली, कादिझच्या घटनेचाच नमुना समोर ठेवून तेथे 1822 ची घटना तयार झाली, आणि लिस्बनच्या सभेसाठी गोव्यातही निवडणूक झाली. निवडून आलेल्या तिघांत बर्नार्दो पेरेस दा सिल्वा व कोन्स्तांसियो रोके दा कोस्ता हे गोव्याचे होते. म्हणजे वेढ्यात सापडलेल्या एका प्रार्थनामंदिरातला वारा मांडवीच्या तीरापर्यंत पोचला होता.

हे सारे खरे आहे, आणि कादिझचे मार्गदर्शक ते अभिमानाने सांगतात. परंतु घटनेचे पंचविसावे कलम ते वाचून दाखवीत असतील असे वाटत नाही. त्या कलमात नागरिकाचे हक्क कोणाचे स्थगित राहतील याची यादी आहे. दिवाळखोर, ज्याला ठाऊक असलेला उद्योग वा उदरनिर्वाहाचे साधन नाही तो, फौजदारी खटला चालू आहे तो, आणि घरगुती नोकर. वरच्या मजल्यावरचे आमचे ते नोकर यांतच आले! शिवाय 1830 पासून ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना नव्याने नागरिकाचे हक्क मिळणार नाहीत, असेही त्यात लिहिले आहे. शाळा काढू म्हणणारे आणि शाळा निघण्यापूर्वी परीक्षा ठरवणारे लोक एकच होते. आफ्रिकी वंशाच्या माणसांना नागरिकत्वाचे दार जवळजवळ बंदच ठेवले. त्यांची गणतीही प्रतिनिधींची संख्या ठरवताना धरायची नाही असे ठरले, कारण ती धरली असती तर अमेरिकेचे प्रतिनिधी स्पेनच्या प्रतिनिधींहून वाढले असते. गुलामांचा व्यापार बंद करण्याच्या सूचना 1811 मध्ये सभेपुढे आल्या; अमेरिकेतल्या मळेवाल्यांनी ओरड केली, आणि त्या बाजूला पडल्या. बायकांना तर प्रेक्षकांच्या सज्जातही प्रवेश नव्हता.

तरी या घटनेला आम्ही टाकाऊ म्हणणार नाही. ज्याने शाळेचे तोंड थोडेच पाहिले आणि अक्षरे पुढे स्वतःच्या कष्टाने पक्की केली, त्याला त्या 1830 च्या अटीने राग येतो. पण ज्या राजाने ही घटना मोडली त्याच्याकडे पाहिले की राग आपोआप दुसरीकडे वळतो. फर्नांदो सातवा 1814 मध्ये परतला आणि त्याने ती एका फटक्यात रद्द केली. 1820 मध्ये कर्नल रिएगोच्या उठावाने ती परत आली. 10 मार्चला कादिझचे लोक आनंदाने चौकात जमले असता सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. 1823 मध्ये फ्रान्सने फौज पाठवून ती पुन्हा बुडवली. निर्णायक लढाई खाडीतल्या त्रोकादेरो या बेटावर झाली. पॅरिसमध्ये आयफेल मनोऱ्यासमोर त्रोकादेरो नावाची जी शोभिवंत जागा आहे, तिचे नाव या लढाईचे आहे. तेथे छायाचित्र काढून घेणाऱ्या प्रवाशांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

प्रार्थनामंदिराला लागूनच एक संग्रहालय आहे. तेथे 1777 ते 1779 या काळात महोगनी लाकूड व हस्तिदंत यांची केलेली अख्ख्या गावाची प्रतिकृती ठेवली आहे. घर आणि घर, मनोरा आणि मनोरा. ती अवश्य पाहावी. एस्पान्या चौकातले घटनेचे स्मारक 1912 मध्ये सुरू होऊन 1929 मध्ये पुरे झाले. त्यावर सभाध्यक्षाची एक रिकामी खुर्ची दगडात कोरलेली आहे.

तेथून कांदेलारिया चौकात यावे. येथे एमिलिओ कास्तेलार याचा पुतळा आहे. कास्तेलार 1832 मध्ये याच गावात जन्मला, थोर वक्ता होता, आणि 1873 मध्ये स्पेनच्या पहिल्या प्रजासत्ताकाचा अध्यक्ष झाला. परंतु आम्ही या चौकात श्रोत्यांना आणले ते त्याच्यासाठी नव्हे. पुतळा जेथे उभा आहे ती मोकळी जागा झाली, कारण 1873 मध्ये येथला जोगिणींचा मठ गावच्या नगराध्यक्षाने पाडायला लावला. त्या नगराध्यक्षाचे नाव फेर्मिन साल्व्होचेआ.

साल्व्होचेआ 1842 मध्ये श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरी जन्मला. मनोऱ्याच्या घरांपैकीच एका घराला शोभेल असा मुलगा. बापाने व्यापार शिकायला इंग्लंडला पाठवले आणि मुलगा रॉबर्ट ओवेन व टॉमस पेन वाचून परत आला. 1868 च्या सप्टेंबरात आरमाराने कादिझमध्येच बंड करून राणीला देशाबाहेर घालवले. त्याच डिसेंबरात साल्व्होचेआ लोकांच्या बाजूने रस्त्यावर लढला आणि तुरुंगात गेला. 1873 मध्ये तो नगराध्यक्ष झाला. जुलैत कादिझने स्वतःला स्वायत्त कँटन म्हणून घोषित केले, तो त्याचा प्रमुख झाला, आणि ऑगस्टच्या प्रारंभी जनरल पाव्हियाच्या फौजेने तो कँटन मोडला. जेमतेम दोन-अडीच आठवड्यांचे राज्य! शिक्षा जन्मठेपेची. आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या एका खडकावरच्या तुरुंगात त्याला ठेवले, आणि तेथे वाचता वाचता तो अराज्यवादी झाला. 1883 मध्ये कादिझच्या नगरपालिकेने खटपट करून त्याच्यासाठी माफी मिळवली. असे सांगतात की, त्याने तो कागद फाडला. सर्वांना माफी असेल तर जाईन, नाहीतर स्वतःच्या बळावर जाईन, एकट्यासाठी दिलेली मेहेरबानी नको, असे त्याचे म्हणणे. पुढे तो खरोखरच निसटला. परत येऊन 1886 मध्ये त्याने कादिझमध्ये ‘एल सोशालिस्मो’ हे पत्र काढले.

जानेवारी 1892 मध्ये जवळच्या हेरेझ गावात द्राक्षमळ्यांतले व शेतांतले शेकडो मजूर रात्री शिरले. चौघांना फासकीने मारण्यात आले. साल्व्होचेआ त्या रात्री कादिझच्या तुरुंगात होता, तरी लष्करी न्यायालयाने त्याला बारा वर्षांची शिक्षा दिली. ज्यांनी संपाचे खटले पाहिले आहेत त्यांना हे तर्कशास्त्र नवे नाही. 1899 मध्ये तो सुटला, क्रोपोत्किनच्या एका मोठ्या पुस्तकाचे त्याने स्पॅनिशमध्ये भाषांतर केले, आणि सप्टेंबर 1907 मध्ये कादिझमध्येच निधन पावला. वडिलोपार्जित पैसा केव्हाच वाटून झाला होता, आणि तो फळीवर झोपत असे. अंत्ययात्रेला गाव लोटले होते. त्याची मते आम्हाला सर्वस्वी मान्य नाहीत. शिस्तबद्ध संघटनेवाचून कामगाराचा टिकाव लागत नाही, असे आम्ही मानतो, आणि दोन आठवड्यांच्या कँटनने आमच्या मताला बळकटीच येते. परंतु एकट्यापुरती सवलत नाकारणे ही गोष्ट संघटनेच्या बाहेरून आली असली तरी संघटनेचा पाया तीच आहे. कास्तेलारचा पुतळा मधोमध आहे. त्याने बंडखोर गावांविरुद्ध लष्कराला मोकळा हात दिला. ज्याने चौक मोकळा केला, त्याचे नाव मात्र प्रवाशाला विचारून घ्यावे लागते.

बाकीच्या जागा भराभर सांगतो. मोठे कॅथीड्रल 1722 मध्ये सुरू होऊन 1838 मध्ये संपले. मध्येच अमेरिकेचा पैसा आटला, म्हणून खाली एक दगड आणि वर दुसरा, हे कोणालाही दिसते. खारा वारा दगड खातो. छतातून कपच्या पडू नयेत म्हणून आत जाळ्या ताणलेल्या असतात. तळघरात संगीतकार मानुएल दे फाया याची समाधी आहे. जवळच रोमन नाट्यगृह आहे, ते 1980 पर्यंत मोहल्ल्याखाली दडलेले होते. ला कालेता ही पुळण दोन किल्ल्यांच्या मध्ये आहे, तेथे संध्याकाळी जावे.

संग्रहालयात फिनिशियन काळच्या दोन संगमरवरी शवपेट्या आहेत, एक पुरुषाची, एक स्त्रीची. पुरुषाची 1887 मध्ये प्रदर्शनासाठी जमीन खणताना सापडली. पेलायो किंतेरो हा संशोधक पुढे कित्येक वर्षे तिची जोडीदारीण शोधीत राहिला. 1946 मध्ये तो वारला. 1980 मध्ये एका इमारतीचा पाया खणताना ती स्त्री सापडली, आणि सापडली ती जागा किंतेरोच्या पूर्वीच्या घराची! दोन्ही वेळा ती प्रथम पाहिली ती खोदकाम करणाऱ्या मजुरांनी.

आता वेशीबाहेर. 18 ऑगस्ट 1947 ला रात्री पावणेदहाच्या सुमारास सान सेव्हेरियानो भागातील आरमारी कोठारात साठवलेले सुमारे 200 टन स्फोटक उडाले. पाणसुरुंग वस्तीच्या मधोमध ठेवले होते. शेजारी जहाजबांधणीचा कारखाना, कामगारांची घरे आणि अनाथ बालकांचे आश्रयगृह. सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे दीडशे माणसे मेली, पाच हजारांच्या वर जखमी झाली. जुने गाव वेशीच्या तटाने वाचवले. 1927 मध्ये ‘हुआन सेबास्तियान दे एल्कानो’ हे प्रसिद्ध शिडाचे जहाज ज्या कारखान्यात पाण्यात उतरले, तो या स्फोटात उद्ध्वस्त झाला. हुकूमशाहीचा काळ, दोष कोणाचा हे मोठ्याने विचारण्याची सोय नव्हती. एक गोष्ट मात्र विचित्र घडली. कादिझचा कार्निव्हल, ज्यात गावकरी वेष घेऊन राज्यकर्त्यांची गाण्यांतून टिंगल करतात, तो 1937 पासून बंद होता. स्फोटानंतर लोकांचे मन सावरावे म्हणून दुसऱ्या नावाने गाणी पुन्हा चालू करण्यास परवानगी मिळाली. हुकूमशहा गेल्यावर 1977 मध्ये तो आपल्या नावाने व आपल्या महिन्यात, फेब्रुवारीत, परत आला. त्या दिवसांत जाल तर ला विन्या मोहल्ल्यात रात्र काढावी. खोली मात्र फार आधी ठरवावी लागेल.

आणि खोल्यांचा विषय निघालाच आहे तर एवढे सांगितले पाहिजे. व्यापार बुडाल्यावर ती मनोऱ्याची घरे भाड्याने फोडण्यात आली. चौकाभोवती एक-दोन खोल्यांत एकेक कुटुंब, पाण्याचा हौद सर्वांचा मिळून, आपल्याकडच्या चाळीसारखे. गोदीतले, तंबाखूच्या कारखान्यातले, मासेमारीतले लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले. आता त्याच खोल्या दुरुस्त होऊन प्रवाशांना रात्रीच्या भाड्याने दिल्या जातात. 1981 मध्ये कादिझची लोकसंख्या 1 लाख 57 हजार होती. आज ती 1 लाख 10 हजारांच्या आसपास आहे. गाव समुद्राने वेढलेले, वाढायला जागा नाही, तेव्हा एक खोली प्रवाशाकडे गेली की एक कुटुंब वेशीबाहेर जाते. म्हणून लॉजात उतरा, हॉटेलात उतरा, पण कोणाचे राहते घर रिकामे करून सजवलेली खोली टाळता आली तर टाळा, अशी आमची सूचना आहे.

शेवटच्या दिवशी खाडीपलीकडे पुएर्तो रेआलला जावे. 2015 मध्ये उघडलेला नवा पूल 1812 च्या घटनेच्या नावाचा आहे. त्याचे खांब 185 मीटर उंच आहेत आणि खालून मोठाली जहाजे जातात. याच पुएर्तो रेआलमध्ये 2007 मध्ये मोटारीचे भाग करणारा डेल्फी कंपनीचा कारखाना बंद झाला आणि सुमारे 1600 कामगार रस्त्यावर आले. याच खाडीवर नोव्हेंबर 2021 मध्ये धातुकामगारांनी नऊ दिवस संप केला, आणि सरकारने वस्तीत चिलखती गाडी घातली. मातागोर्दा येथे 1878 मध्ये बांधलेली कोरडी गोदी आहे, आणि तेथे जहाजबांधणीचे संग्रहालय केले आहे. आधी वेळ ठरवून जावे लागते. अर्धा दिवस हाताशी ठेवावा.